घर खाली ठेवायचं नाही

भोंगा लावलेली रिक्षा आमच्या गल्लीत भर दुपारी आली. नालासोपारा पश्चिमेला, गासकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे आमची इमारत आहे. चार मजली, लिफ्ट नसलेली. बिल्डरनं ती परवानगीशिवाय बांधली होती, हे घर घेताना आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. रिक्षातला आवाज म्हणाला, ही इमारत अनधिकृत आहे, सर्व रहिवाशांनी ती लवकरात लवकर खाली करावी. मग तेच हिंदीत सांगितलं. मग रिक्षा पुढच्या इमारतीसमोर जाऊन उभी राहिली.

माझी सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली. डेस्कवर एक नियम होता. 'खाली' म्हणजे वरच्या उलट. घर, खुर्ची, पद 'रिकामं' होतं. 'खाली' होतं ते हिंदीत. बातमीदारानं 'इमारत खाली केली' असं लिहिलं की मी ते खोडून 'रिकामी केली' असं करत असे. त्या दुपारीही आधी तो शब्द खटकला. बाकीच्या वाक्याचा अर्थ नंतर पोहोचला.

तिसऱ्या मजल्यावर माझ्या समोरच्या घरात चार माणसं राहतात. नवरा वसई पूर्वेला एका गाळ्यात तारेच्या जाळ्या विणणारं मशीन चालवतो. बायको घरी बसून इमिटेशनच्या बांगड्यांना खडे चिकटवते; तिच्या बोटांच्या टोकांना कायम वाळलेला गोंद असतो. नवऱ्याची आई मिठागरावर वाढलेली, लग्न होऊनही मिठागरावरच गेलेली. आणि मुलगी, तेव्हा चौथीत.

रिक्षा आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत गेली नाही. आजारी असेल असं मला वाटलं. मग एका सकाळी ती दारात बसून बांगड्यांचे आकार वेगळे करताना दिसली.

"शाळा नाही?"

"आहे."

"मग?"

"मी खाली गेले, आई खाली गेली, आजी खाली गेली, की घर खाली." हे तिनं मला गणित समजवावं तसं सांगितलं.

"आणि पप्पा?"

"पप्पांना जावंच लागतं. म्हणून बाकीच्यांनी जायचं नाही."

आतून आजीचा आवाज आला. "खाली करनार म्हंजे पाडनारच ना ते. वरचं खाली. आनि काय!"

"आजी, खाली म्हणजे रिकामं," मी म्हणालो.

"तेच ते. रिकामं केलं की पाडनार."

जो शब्द मी आयुष्यभर चूक म्हणून खोडला, त्याचे तीन अर्थ त्या दोन खोल्यांत एकत्र राहत होते, आणि तिन्ही बरोबर होते.

सुरुवातीला मुलीची समजूत घालणं सोपं जाईल असं सगळ्यांना वाटलं. तिच्या वडिलांनी तिला उचलून नेऊन पाहिलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत ती गप्प राहिली, मग कठड्याला दोन्ही हातांनी धरून अशी ओरडली की दारं उघडून माणसं बाहेर आली. त्यानं तिला परत वर आणलं. वर्गशिक्षिकेचे फोन येऊ लागले. एका मैत्रिणीनं वह्या आणून दिल्या. मुलीनं त्या घरीच पूर्ण केल्या, नीट अक्षरात. खाली मात्र उतरली नाही. बाजारात नाही, नळाच्या टाकीपाशी नाही, दसऱ्याला सोनं वाटायलाही नाही.

गुरुवारी सरकारी दवाखान्यात बीपी आणि शुगरचे रुग्ण बघतात. मी दर महिन्याला जातो. थंडीच्या सुरुवातीला समोरच्या वहिनींनी विचारलं, "काका, मी येऊ तुमच्याबरोबर? छातीत फडफडतं. एकटीला तिथं बसायला नको वाटतं."

दवाखान्यातली सिस्टर सगळ्यांना ओळखते आणि कुणालाच सोडत नाही. माझं बोट टोचताना ती म्हणाली, "काका, परत वाढली साखर. कुणाच्या बारशाला गेला होता?"

"कुणाच्याच नाही."

"मग स्वतःचंच बारसं केलं असेल."

मी जेवणात काय बदललं ते आठवू लागलो. काहीही बदललं नव्हतं. भोंग्याची रिक्षा या प्रश्नाच्या उत्तरात कुठं येत असेल असं मला सुचलंही नाही.

डॉक्टर तरुण होत्या, मराठवाड्यातल्या. आमच्या भागात येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. वहिनींबरोबर मीही आत गेलो आणि बाहेर थांबायला वळलो, तर वहिनी म्हणाल्या, "काका राहू द्या मॅडम. समोरच राहतात. सगळं माहितीय त्यांना." सगळं मला माहीत नव्हतं, हे पुढच्या काही मिनिटांत कळलं.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली, ईसीजीची पट्टी काढायला सांगितली. ती नीट आली. मग वहिनी एकदम म्हणाल्या, "माझं राहू द्या मॅडम. माझ्या मुलीला काहीतरी द्या. खाली उतरत नाही. परीक्षा आलीय. असं औषध असतं का, की माणूस खाली उतरेल?"

"तिला घेऊन या."

"ती उतरत नाही, तेच तर सांगतेय."

"मग मिस्टरांना बरोबर घेऊन या. सासूबाईंना पण. सगळ्यांशी बोलायला पाहिजे."

"सगळे नाही येऊ शकत. घर खाली ठेवता येत नाही."

डॉक्टरांनी मान वर केली. "हे वाक्य तुमच्या घरातलं प्रत्येक माणूस मला सांगून गेलंय. तुमच्या मिस्टरांना मी तासभर थांबा म्हटलं, तेव्हा हेच. आजींना उद्या परत या म्हटलं, तेव्हा हेच. तुमच्यात काय बारा महिने घट बसलेले असतात का?"

वहिनी हसल्या. डॉक्टर पुढचे ठरलेले प्रश्न विचारू लागल्या. भूक लागते का? बरी. झोप? अशीच. चिडचिड होते? होते.

"पाळी नियमित आहे?"

"हो. एकदम नियमित. सकाळची सासूबाईंची, दुपारची माझी, रात्रीची ह्यांची. ह्यांना उशीर झाला तर तीही माझीच."

सिस्टर कापसाचा बोळा हातात धरून तशीच उभी राहिली. मग वहिनींच्या लक्षात आलं. त्यांनी ओढणी तोंडावर धरली आणि त्या हसू लागल्या. डॉक्टर हसल्या, सिस्टर हसली, मी भिंतीकडे पाहिलं. सगळ्यांचं हसू संपलं तरी वहिनींचं संपेना. ते कुठल्या क्षणी रडणं झालं हे सांगता येणार नाही. सिस्टरनं पाण्याचा ग्लास आणला आणि पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घर बंद दिसलं की ते पहिलं सील होतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. कुणी, ते वहिनींना आठवत नव्हतं. तेव्हापासून त्या घरात एक माणूस कायम जागं आणि हजर असे. झोपलेलं चालत नसे. झोपलेल्याला दार वाजलेलं ऐकू आलं नाही तर? नवरा दिवसभर मशीनवर उभा राहून येई, जेवून भिंतीला पाठ लावून बसे आणि मध्यरात्र उलटल्यावर आईला उठवी. म्हणून त्याचं पोट जळत होतं. आजी मग सकाळ सरेपर्यंत बसत, म्हणून त्यांना दिवसा चक्कर येत होती. त्यांनी झोपेच्या गोळ्या मागितल्या होत्या, डॉक्टरांनी दिल्या नव्हत्या, आणि त्या रागावून गेल्या होत्या. वहिनींची छाती फडफडत होती. आणि मुलीला कुणी पाळी दिलेली नव्हती. तिनं ती स्वतःच घेतली होती, चोवीस तासांची.

आयुष्यभर मी माणसांच्या बातम्या वाचल्या, कापल्या, छापायला पाठवल्या. एक भीती घरातल्या चौघांनी अशी वाटून घेतलेली मी कधी पाहिली नव्हती. एकानं पोटात ठेवली, एकीनं छातीत, एकीनं डोक्यात, आणि सर्वांत लहान होती तिनं पायांत. तिघं तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या तक्रारी घेऊन त्याच टेबलासमोर आली होती; चौथीची तक्रार आज तिच्या आईनं आणली होती. आपला आजार एकच आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, कारण एकत्र यायला घर सोडावं लागलं असतं.

डॉक्टरांनी पेन बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमची बिल्डिंग राहील का, ते मला माहीत नाही. ते माझ्या हातात नाही. पण मला चौघं एकत्र पाहिजेत. शनिवारी दुपारी या, तेव्हा गर्दी नसते. समुपदेशक ताईंनाही मी थांबवून ठेवते."

"आणि घरात कोण बसेल?"

"मी बसतो," मी म्हणालो.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तुमच्या घरात?"

"माझ्या घराला कुलूप आहे."

त्यांचा चेहरा मला नीट आठवतो. त्यावर माझ्याविषयीची काळजी होती.

शनिवारी जेवण करून मी समोर गेलो. मुलगी दारात उभी होती, हाताची घडी घालून. खरी मुलाखत तिनं घेतली.

"तुम्ही झोपणार नाही ना? जेवण झाल्यावर तुम्ही झोपता. घोरण्याचा आवाज इथपर्यंत येतो."

"आज नाही झोपणार."

"फोन आला तर?"

"इथंच बसून बोलेन."

"बाथरूमला?"

"तुमच्याच जाईन."

"दार कोणी वाजवलं तर काय म्हणाल?"

"म्हणेन, घरात माणूस आहे."

"माणूस आहे नाही. माणसं आहेत म्हणायचं."

"गो बाय, चल आता," आजी म्हणाल्या. त्यांनी नवी साडी नेसली होती. "डाक्टरनीला वाटेल आमी पलालो."

मुलगी चपला घालून जिन्याच्या तोंडाशी गेली आणि थांबली. तिचा बाप एक पायरी खाली उभा होता. त्यानं हात पुढं केला नाही. मागच्या वेळचं त्याच्या लक्षात होतं. ती मागं वळून म्हणाली, "मी विचारीन. तुम्ही उत्तर द्यायचं."

ती उतरू लागली. पहिल्या वळणावरून आवाज आला. "काका, आहात?"

"आहे."

दुसऱ्या मजल्यावरून. "काका, आहात?"

"आहे."

हा तोच मजला, जिथं तिनं कठडा धरला होता. तिथं ती बराच वेळ थांबली. पावलांचा आवाज येत नव्हता. तिला कुणी चल म्हटलं नाही. मी दाराच्या चौकटीत उभा होतो. श्वास मोठ्यानं घेतला तर तिला ऐकू जाईल की काय असं वाटत होतं. मग पुन्हा आवाज आला, जरा बारीक. "आहात?"

"आहे."

पहिल्या मजल्यावरून आवाज आला तेव्हा मी जरा मोठ्यानं उत्तर दिलं. त्यानंतर काही ऐकू आलं नाही. मी खिडकीशी गेलो. ती गेटपाशी उभी राहून वर बघत होती. मी हात वर केला. तिनं हात वर केला नाही; फक्त खात्री करून घेतली आणि वळली.

ती चौघं रस्त्यानं एकत्र चालत जाताना मी पाहिली. रिक्षा आल्यापासून असं दृश्य मला दिसलं नव्हतं. आजी मध्ये, नवरा जरा पुढं, वहिनींच्या हातात मुलीचा हात. दुपारची वेळ, बाजूच्या वाडीत केळीची पानं वाऱ्यानं फाटलेली, एक टेम्पो मागून हॉर्न देत होता. दिसायला त्यात काहीच नव्हतं. तरी मी ती वळणाआड जाईपर्यंत खिडकीतून हललो नाही.

मग त्या घरात बसलो. दुसऱ्याच्या घरात, ते नसताना, मी याआधी कधी बसलो नव्हतो. दाराजवळ दोन गोण्या होत्या, सुतळीनं तोंड बांधलेल्या; त्यांत भांडी होती. रोजची चार ताटं तेवढी बाहेर होती. कपडे बॅगेत. भिंतीवर एकही वस्तू उरलेली नव्हती, फक्त देवाची तसबीर आणि मुलीनं काढलेलं इमारतीचं चित्र. चित्रात प्रत्येक खिडकीत एक डोकं होतं. एकच खिडकी तिनं काळी केली होती. ती कुठली, हे मला मोजून बघावं लागलं नाही.

दार वाजलं. चौथ्या मजल्यावरच्या बाई होत्या, बिहारच्या, हातात चहाचा कप. "घर में कौन है, देखने आयी थी," त्या म्हणाल्या. "ये लोग सब नीचे गये ना. मैंने कहा, खाली तो नहीं रह गया?"

"मी आहे."

"हाँ, तो चाय पी लो. मुझे जाना है, मेरा भी घर…" असं म्हणत त्या पायऱ्या चढून गेल्याही.

त्या गेल्यावर दार उघडं ठेवून मी जिन्यात उभा राहिलो. आमचा मजला पाहिला, मग वर जाऊन आलो, मग खालचे दोन्ही मजले पाहिले. कुठल्याही दाराला कुलूप नव्हतं. काही दारं उघडी, काही आतून लोटलेली. एका दारात म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. एकीकडे कॉलेजची मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन उंबऱ्यात. एकीकडे फक्त टीव्हीचा आवाज. प्रत्येकानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मी रोज त्या जिन्यानं चढतो-उतरतो. अख्खी इमारत पाळीनं बसलेली होती, आणि संपूर्ण जिन्यात एकच कुलूप होतं, माझं.

बातमीच्या भाषेत याला काही म्हणता येत नाही. मोर्चा नव्हता, घोषणा नव्हत्या, कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. माणसं आपापल्या घरात बसली होती, एवढंच. मी परत वर आलो, कारण मी मुलीला शब्द दिला होता, आणि चहा थंड होईपर्यंत नुसता बसून राहिलो.

चौघं संध्याकाळच्या आत परतली. जिन्यात आवाज आधी आला. "काका, आहात?" या वेळी फक्त एकदाच, तळमजल्यावरून.

तिथं काय झालं ते वहिनींनी चहा करताना सांगितलं. डॉक्टरांनी चौघांना एका बाकावर बसवलं आणि एकेकाला विचारलं, तुम्हाला कशाची भीती वाटते. नवरा म्हणाला, आईची. म्हणजे आईला हे घर सोडावं लागलं तर तिचं काय होईल, याची. आजी म्हणाल्या, मुलाची. वहिनी म्हणाल्या, मुलीची. मुलगी म्हणाली, मी शाळेत असताना काही झालं आणि कुणी सांगितलं नाही तर मला कळणार कसं, याची. घराची भीती चौघांपैकी कुणीच सांगितली नाही.

आणि पाळी कुणी सुरू केली, तेही तिथंच उघड झालं. आजींनी. "मिठागरावं भरतीचं पानी चढायचं," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. "बांध फुटला तर अख्खं मीठ जायचं. मग एकजन जागा, बाकीचे झोपलेले. आमी झोपायचो बिनघोर, कोन तरी जागा हाय म्हनून." डॉक्टरांनी विचारलं, "मग इथं झोप का लागत नाही?" आजी म्हणाल्या, "हितं सगलीच जागी."

डॉक्टरांनी पाळी बंद करायला सांगितली नाही. त्यांनी ती आजींच्या जुन्या नियमावर आणली: एकानं जागायचं तर बाकीच्यांनी झोपायचं. आणि मजल्यावरच्या दुसऱ्या घरांनाही पाळीत घ्यायचं. मुलीला त्यांनी कबूल केलं की जे काही ठरेल ते तिला सर्वांत आधी सांगितलं जाईल, आणि तिच्या वडिलांकडून तसा शब्द घेतला. नवऱ्याला पोटाचं औषध दिलं. आजींना झोपेची गोळी या खेपेसही दिली नाही. "चांगली हाय पोरगी," आजींनी निकाल दिला. "पन कंजूस."

सोमवारी मुलगी शाळेत गेली. मी त्यांच्या घरात बसलो, तिनं वळणावळणावरून विचारलं, मी उत्तर दिलं, गेटपाशी उभं राहून तिनं वर पाहिलं, मी हात वर केला. मंगळवारी तेच. सकाळची पाळी माझी झाली. आता गुरुवारी मी दवाखान्यात गेलो की आजी येऊन माझ्या घरात बसतात, माझी वर्तमानपत्रं उलटी धरून फोटो बघतात आणि पंखा माझ्यापेक्षा एकानं कमी ठेवतात. कुलूप दाराच्या मागच्या खिळ्याला टांगलेलं आहे.

इमारतीचं काय होणार, ते हे लिहीपर्यंत ठरलेलं नाही. पाडकामाची तारीख पुढं गेली आहे. गोण्या दाराजवळच आहेत. वहिनींची फडफड गेलेली नाही. कमी झाली आहे, असं त्या म्हणतात.

परीक्षा सुरू झाली त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे चौकटीत उभा होतो. मुलगी पॅड आणि कंपास घेऊन निघाली. वळणावरून आवाज आला नाही. दुसऱ्या मजल्यावरून आला नाही. पहिल्या मजल्यावर तिची मैत्रीण थांबली होती; दोघी पाढ्यांवरून भांडत खाली गेल्या. मी घाईनं खिडकीशी गेलो आणि हात वर केला. ती गेटपाशी आली. मैत्रीण काहीतरी म्हणाली, ती हसली, दोघी गेटबाहेर पडल्या आणि शाळेच्या रस्त्याला लागल्या.

तिनं वर पाहिलं नाही. वळणाआड होईपर्यंत एकदाही नाही. मी तिथंच उभा होतो. मग वर केलेला हात खाली घेतला.